नागपाड्याचे बच्चू खान

आचरेकर सरांचं नाव न ऐकलेलं कुणी आपल्या बॅचमध्ये सापडणार नाही. बास्केटबॉलच्या एखाद्या मुंबईकर प्रशिक्षकाचं नाव विचारलं, तर मात्र बरेच जण गप्प बसतील. म्हणून या स्मरणिकेसाठी बच्चू खान यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ चा. अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने थंडीत मुलांना छपराखाली खेळता यावं म्हणून दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथे जिंकलेले सामने ५५, हरलेले ६०. म्हणजे ज्याने खेळ शोधला, त्याचाच हिशेब तोट्याचा! पण त्यांच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे तिथलाच नामवंत प्रशिक्षक झाला. शिक्षकाची खरी कमाई गुणफलकावर दिसत नाही, ती अशी.

मुंबईत हा खेळ रुजला तो नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र सुरू केलं. १९३६ साली टाटांची समाजकार्याची संस्थाही तिथेच सुरू झाली. देवनारला बसने जाता-येता आपण जी पाहतो, तीच ती ‘टिस’.

नागपाडा म्हणजे दाट वस्ती. फुटबॉल-क्रिकेटला मैदान आणायचं कुठून? बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. एक चेंडू, दोन रिंगा, आणि दहा पोरं एकाच वेळी खेळतात. जागा आणि पैसा दोन्ही बेताचे असलेल्या वस्तीला हा खेळ परवडला. तिथल्या पोरांना बच्चू खान यांनी शिकवलं. याच नागपाड्यातून गुलाम अब्बास मूंतसिर भारताचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. खेळाडूचा असा पुरस्कार सरकारदरबारी नोंदला जातो. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मात्र १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या कितीतरी गुरूंची नोंद फक्त शिष्यांच्या आठवणीत राहिली. नागपाड्याने निदान एका मैदानाला बच्चू खान यांचं नाव दिलं.

आता आपल्या शाळेकडे वळू. पीटीच्या सरांनी आणि बाईंनी सकाळी शाळा भरण्याआधी किती संघ तयार केले, कोणत्या साली कोण खेळलं, हे आज आपल्याला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. सर-बाई आज आपल्यात आहेत, तेव्हाच हे विचारून घ्यायला हवं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात साल, संघातली नावं आणि शिकवणाऱ्यांचं नाव लिहा. हरलेले सामनेही लिहा.