लोणी कुणाचं, पैसा कुणाचा?



दिवाळी जवळ आली की गटागटांत नानकटाईची चर्चा सुरू होते आणि दर वर्षी तोच प्रश्न निघतो. तूप घालायचं की डालडा? एक म्हणते, तुपाने परवडत नाही. दुसरी म्हणते, डालड्याने चव येत नाही. दोघींचंही खरं आहे. पण या प्रश्नामागे एक मोठी गोष्ट आहे. लोणी आजवर कुणी काढलं, कुणी विकलं आणि त्याचा पैसा कुणाच्या हातात पडला, ही ती गोष्ट. आज तीच सांगते.

आपल्याकडे लोणी निघतं दह्यातून. दुधाला विरजण लावायचं, सकाळी दही डेऱ्यात घालून रवीने घुसळायचं. लोणी वर आलं की ताक घरात आणि शेजारीपाजारी. लोण्यात शंभरात सोळा-सतरा भाग पाणी असतं, त्यामुळे आपल्या उष्ण हवेत ते लवकर खवट होतं. म्हणून आपण ते कढवतो. पाणी उडतं, बेरी खाली बसते आणि तूप महिनोन् महिने टिकतं. युरोपातल्या थंड देशांत बायका दुधावरची साय काढून ती घुसळायच्या आणि लोण्यात मीठ घालून ते तसंच ठेवायच्या.

पद्धत वेगळी असली तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. घुसळण बाईच्या हातात होती. आणि पुष्कळ ठिकाणी विक्रीही. संत एकनाथांच्या गौळणी आठवा. दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायकाच त्यांत भेटतात. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींना तूप विकून चार पैसे स्वतःचे म्हणून मिळत. इंग्लंड-आयर्लंडमध्येही लोणी आणि अंडी विकून आलेल्या पैशावर शेतकऱ्याच्या बायकोचं घर चाले.

त्याच लोण्यावर तिकडचं घरचं बेकिंग उभं राहिलं. अठराव्या शतकातला इंग्रजांचा पाउंड केक बघा. मैदा, लोणी, साखर आणि अंडी, प्रत्येकी एक पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम. बेकिंग पावडर तेव्हा नव्हती. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी ती 1843 मध्ये तयार केली. त्याआधी केक फुगवायचा तर लोणी आणि साखर हात दुखेपर्यंत फेटून त्यात हवा भरायची. हे आपल्याला नवं नाही. नानकटाईसाठी घट्ट तूप पांढरं होईपर्यंत आपण फेसतो, ते याचसाठी. करंजीच्या पिठात मोहन का घालतो? तूप पिठाच्या कणांना लपेटतं, पिठाला चिवट तार सुटत नाही आणि करंजी खुसखुशीत होते. बिस्किटातही लोणी हेच काम करतं. चिरोट्याला साटा लावून पदर सोडवतो, तसेच पदर खारीत असतात. म्हणजे ओव्हन घरात नसला तरी बेकिंगमधलं निम्मं शास्त्र आपल्या हातात आधीपासून आहे.

मग हे काम बाईच्या हातून गेलं कसं? स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी 1878 मध्ये दुधातली साय चटकन वेगळी करणारं फिरतं यंत्र आणलं. आज डेअरीत आपण क्रीम सेपरेटर बघतो, त्याचंच हे मूळ. आता गावभरचं दूध एका जागी आणून लोणी काढता येऊ लागलं. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी 1882 मध्ये पहिली सहकारी डेअरी काढली. लोणी एकसारखं, चांगलं निघू लागलं आणि शेतकऱ्याला भावही मिळाला. पण आयर्लंडमध्ये अशा डेअऱ्या आल्या तेव्हा घुसळणारी बाई घरी राहिली. डेअरीचा व्यवस्थापक पुरुष झाला आणि दुधाचा पैसाही पुरुषाच्या हातात जाऊ लागला.

आपल्या शेजारच्या गुजरातमध्येही लोण्यावरूनच मोठी गोष्ट घडली. खेडा जिल्ह्यात तेव्हा पोल्सन या खासगी डेअरीचा दबदबा होता. दुधाला भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं आणि 14 डिसेंबर 1946 रोजी त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे पुढारी. पुढे व्हर्गिस कुरियन त्यांना येऊन मिळाले आणि 1955 मध्ये अमूलचं लोणी बाजारात आलं. गंमत अशी की गिऱ्हाइकाला पोल्सनच्या पिवळ्या, खारट लोण्याची सवय होती. म्हशीच्या ताज्या सायीचं लोणी पांढरं आणि अळणी, ते लोकांना रुचेना. मग अमूललाही मीठ आणि रंग घालावा लागला.

इकडे लोण्याची जागा घ्यायला दुसरंच काही तयार होत होतं. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी शोधणाऱ्याला बक्षीस लावलं आणि 1869 मध्ये मेज-मूरिएस यांनी जनावराच्या चरबीपासून मार्गारीन बनवलं. आपल्याकडे 1937 मध्ये डालडा आलं. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते तुपासारखं घट्ट केलेलं. स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून बेकऱ्यांनी ते उचललं. चहात बुडवून खायच्या त्या गोल बटरचं नाव बटर, पण आत लोणी असेलच असं नाही. या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला वाईट. म्हणून 1 जानेवारी 2022 पासून आपल्या देशात तेला-तुपातलं हे प्रमाण 2 टक्क्यांच्या वर चालत नाही.

घरात भट्टी नाही म्हणून आपल्या बायका मात्र अडल्या नाहीत. तालुक्याच्या गावी घरचं तूप, साखर, मैदा, रवा डब्यात भरून बेकरीत न्यायचा आणि समोर उभं राहून नानकटाई भाजून आणायची, ही रीत कितीतरी घरांत होती. भट्टी दुसऱ्याची, पण तूप आपलं. आत काय पडलं हे डोळ्यांनी बघितलेलं.

आता हिशेब करू. म्हशीच्या दुधाला साडेसहा फॅट लागत असेल तर 1 किलो तुपाला साधारण 15 लिटर दूध लागतं. गाईच्या चार फॅटच्या दुधाला 25 लिटर. घरच्या घुसळणीत थोडं ताकात राहतं, ते वेगळं. त्यामुळे तूप महाग असणारच. पण त्या दुधासाठी चारा कापणारी, शेण काढणारी, धार काढणारी कोण? बहुतेक घरांत आपणच. आणि डेअरीच्या कार्डावर नाव कुणाचं? आयर्लंडची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आणि परक्या देशातली वाटते, पण आपापल्या घरचं कार्ड एकदा काढून बघा.

म्हणून माझं सांगणं आहे, नानकटाईचा भाव ठरवताना तुपाचा दर आणि आपली मजुरी दोन्ही लिहून काढा. तुपाची आणि वनस्पतीची अशा दोन वेगळ्या नानकटाया करायच्या तर जरूर करा, सगळ्यांना तूप परवडत नाही, त्यात लाजायचं कारण नाही. पण पाकिटावर जे घातलं तेच लिहा. वनस्पती घालून ‘शुद्ध तुपातली’ असं छापलं तर एक दिवाळी निघेल, पुढच्या दिवाळीला गिऱ्हाईक येणार नाही. आणि ज्यांच्या घरी दुभतं जनावर आहे त्यांनी गटाला तूप विकावं, रोख भावाने, आणि पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यावेत.

लोण्याबरोबर हातातून गेलेला पैसा परत यायची ही एक छोटी वाट आहे. पुढच्या बैठकीत डेअरीच्या कार्डाचा विषय नक्की घ्या. कुणाकुणाच्या नावावर निघालं ते आम्हाला कळवा, त्यावर आपण पुन्हा बोलू.