पीळ दिलेल्या दोन तारा

घरी बनवलेल्या प्रीॲम्प्लिफायरला ‘समतोल’ आउटपुट का द्यायचे? याचे उत्तर आपल्याला टेलिफोनच्या इतिहासात सापडते. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. विजेचा परतीचा मार्ग जमिनीतून. त्यामुळे शेजारच्या तारायंत्राची कडकड संभाषणात शिरे. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांचे पेटंट घेतले. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच येतो आणि ऐकू येतो तो फक्त त्यांच्यातील फरक.

आकडे घालून पाहू. एका तारेत +१ व्होल्ट, दुसरीत −१ व्होल्ट संकेत आहे. दोन्हींत ०.१ व्होल्ट गोंगाट मिसळला. १.१ मधून −०.९ वजा केले की उरतात नेमके २ व्होल्ट. गोंगाट नाहीसा!

आता दुसऱ्या तारेत संकेतच नाही असे समजू. १.१ − ०.१ = १. गोंगाट याही वेळी गेला! म्हणजे समतोल उलट संकेतात नाही. दोन्ही तारांत गोंगाट सारखा शिरण्यात आहे. त्यासाठी जमिनीच्या संदर्भात दोन्ही तारांचा संरोध समान हवा. म्हणून आपण आधी दोन्ही आउटपुटांचे रोध मल्टिमीटरने मोजून जुळवून घ्यावेत. उलट संकेत देणारा दुसरा ॲम्प्लिफायर नंतर जोडावा. त्याने संकेत दुप्पट होतो. गोंगाट घालवण्याचे श्रेय मात्र त्याचे नव्हे.