शब्दकोडं: खेळ, हेर आणि जुगार

लेख मागायला स्मरणिका समितीची मंडळी आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "काका, सोसायटीचा इतिहास नको, तो आधीच तिघांनी लिहून दिलाय." मग मी दुसऱ्याच एका इतिहासाकडे वळलो. सकाळचं वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घेणारे निदान डझनभर सभासद आपल्या सोसायटीत आहेत. ऑफिसात येणाऱ्या पेपरातलं कोडं कुणीतरी आधीच पेनाने भरून टाकतं, यावर एका वार्षिक सभेत दहा मिनिटं चर्चा झालेली मी ऐकली आहे. लिफ्टच्या दुरुस्तीवर इतकी झाली नव्हती! तर त्या आडव्या-उभ्या चौकटींचा हा इतिहास. दिसतो तितका तो निरुपद्रवी नाही.

शब्दांची कोडी घालणं आपल्याला नवीन नाही. उखाणा म्हटलं की आता लग्नात नाव घेणंच आठवतं, पण उखाणा म्हणजे कोडंसुद्धा. आणि सर्वांत मोठी कथा व्यासांची. महाभारत लिहून घेताना लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची उलट अट. मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालत. गणपती विचारात पडला की यांना पुढचे श्लोक रचायला उसंत! परंपरा या कूटांची संख्या ८८०० सांगते.

चौकटीत भरायचं कोडं मात्र अमेरिकेतून आलं. आर्थर विन हा लिव्हरपूलहून तिकडे गेलेला पत्रकार. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या 'फन' पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी त्याने एक कोडं छापलं. आकार आपल्या शंकरपाळ्याचा, मध्ये पोकळ. नाव दिलं होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छापखान्यात जुळणी करताना शब्द उलटेपालटे झाले आणि 'क्रॉस-वर्ड' छापून आलं. तेच नाव टिकलं.

१९२४ साली सायमन आणि शूस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत एक पेन्सिल जोडून. लोक हसतील या भीतीने पुस्तकावर आपल्या कंपनीचं नावसुद्धा घातलं नाही. पुस्तक धडाधड खपलं. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या वेडाला वेळेची पापी उधळपट्टी ठरवून झोडपलं. गंमत बघा, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर वाचकांना विरंगुळा हवा म्हणून त्याच 'टाइम्स'ने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचं कोडं सुरू केलं. आज कोडं म्हटलं की जगात पहिलं नाव त्यांचंच. जोश वॉर्डल याने आपल्या जोडीदारासाठी बनवलेला 'वर्डल' हा खेळ २०२१ मध्ये मोबाइलवर सगळीकडे पसरला, आणि २०२२ च्या जानेवारीत तोही त्यांनीच विकत घेतला.

इंग्लंडमधला किस्सा जास्त रंगतदार आहे. तिथल्या 'डेली टेलिग्राफ'ने जानेवारी १९४२ मध्ये बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली. नंतर त्यातल्या काही स्पर्धकांना सरकारी पत्रं आली आणि त्यांची रवानगी ब्लेचली पार्कला, शत्रूचे गुप्त संदेश उकलण्याच्या कामावर झाली. म्हणजे कोडं येणं ही लायकी ठरली. दोन वर्षांनी त्याच वर्तमानपत्रातली कोडी रचणारा माणूस संशयित ठरला! लिओनार्ड डॉ हे शाळेचे मुख्याध्यापक. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची तयारी चालू असताना त्यांच्या कोड्यांत २ मे १९४४ ला 'यूटा' आलं, २२ ला 'ओमाहा', २७ ला 'ओव्हरलॉर्ड', ३० ला 'मलबेरी', १ जूनला 'नेपच्यून'. हे सगळे त्या मोहिमेचे सांकेतिक शब्द. ६ जूनला सैन्य उतरायचं होतं. गुप्तहेर खात्याने डॉ यांची उलटतपासणी घेतली, आणि हाती काही न लागल्याने सोडून दिलं. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की मुख्याध्यापक मुलांकडूनच चौकटीत शब्द भरून घेत आणि नंतर त्यांना सूत्रं जोडत. शाळेजवळ सैनिकांचा तळ होता, तिथे कानावर पडलेले शब्द मुलांनी भरले. मला हा खुलासा पटतो. शाळकरी मुलांसमोर कुठलंही गुपित टिकत नाही, हे आपल्या पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांकडे पाहूनही कळतं.

आता मुंबईकडे येतो, कारण इथे हा विषय माझ्या घरापर्यंत आला होता. १९५० च्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांची लाट होती. माझे थोरले काका गिरगावात एका खोलीत राहत, कारकुनी करत. एका साप्ताहिकाची कूपनं ते रात्र रात्र भरत बसायचे. प्रत्येक कूपनामागे काही आणे प्रवेशफी. मुळात ते कोडं ज्ञानाचं नव्हतंच. मराठीत उदाहरण द्यायचं तर, सूत्र असं: 'ही नसली की घर सुनं वाटतं.' दोन घरं, दुसऱ्यात 'ई' दिलेली. उत्तर आई की ताई? दोन्ही बरोबर. 'बरोबर' उत्तर आधीच पाकिटात सीलबंद करून ठेवलेलं, आणि बक्षीस त्या पाकिटाशी जुळेल त्याला. अशी दोन-दोन उत्तरांची दहा सूत्रं असली तर हमखास जिंकायला १०२४ कूपनं भरावी लागतील. काका हुशार माणूस, हा गुणाकार त्यांना येत होता. तरी दर आठवड्याला "या खेपेला एकच चुकलं" म्हणायचे. काकूच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यानंतर त्या घरात कोडं हा शब्द काढायची चोरी झाली.

काका काही एकटे नव्हते. मुंबई राज्याने १९४८ मध्येच अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला होता. मग कोडी राज्याबाहेर छापून इथे येऊ लागली, म्हणून १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बंगळुरूहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्रातून स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. मुद्दा असा, की हा आमचा व्यवसाय आहे आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेने दिलं आहे. मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल फिरवला: जुगार हा घटनेने राखलेला व्यापार होऊच शकत नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचा विलाप आहे आणि महाभारतही आहे. शब्दकोड्याच्या खटल्यात फाशांपर्यंत जाऊन पोचणं मला अगदी योग्य वाटतं. काकूला कुणी हे वाचून दाखवायला हवं होतं.

दरम्यान १९५५ चा केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा आला होता. महिन्याची एकूण बक्षिसं १००० रुपयांच्या आत, प्रवेशिका २००० च्या आत. कौशल्याच्या स्पर्धांना हे बंधन नाही, असं न्यायालयाने त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात सांगितलं. कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, हा वाद पुढे रमीच्या आणि मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांच्या खटल्यांतही याच निकालांचा आधार घेऊन लढला गेला.

लाट ओसरली आणि बिनबक्षिसाचं कोडं उरलं. त्यात मराठी कोडं रचणाऱ्याचं मला खरं कौतुक वाटतं. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरासह एक अक्षर एका घरात बसतं. 'स्वातंत्र्य' इंग्रजी लिपीत दहा घरं खाईल, मराठीत तीनच: स्वा, तं, त्र्य. पण आता त्या 'त्र्य'मधून उभा शब्द काढून दाखवा! 'वैचित्र्य' चालेल, 'पारतंत्र्य' चालेल. 'त्र्यंबक' मात्र अनुस्वारापायी दाराशीच अडतो. 'नदी'च्या 'दी'वरून 'दीपक' उतरतो, 'दिवस' नाही. म्हणून आपल्या कोड्यात काळी घरं जास्त दिसतात. आणि शाळेत कंटाळा आणणारं ऱ्हस्वदीर्घ इथे आपोआप तपासलं जातं. माझ्या नातीचं शुद्धलेखन याच पानावर सुधारलं, बाईंच्या लाल पेनाने नव्हे.

समितीच्या आग्रहावरून या लेखाच्या पुढच्या पानावर मी स्वतः रचलेलं एक कोडं दिलं आहे. सगळे शब्द आपल्या सोसायटीतले आहेत, पंपापासून पागडीपर्यंत. बक्षीस स्टीलचा डबा. प्रवेशफी नाही, आणि डब्याची किंमत १००० रुपयांच्या बरीच आत आहे, हे खजिनदारांकडून खात्री करून घेतलं आहे. पेन्सिल वापरावी. एका घरात दोन उत्तरं बसत असतील तर मला खाली भेटून भांडावं, मी संध्याकाळी सहा ते सात बाकावर असतो.