चित्रशाळेतून वर्गात : विद्यार्थ्यांच्या लघुपटांची घडण

पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्रातील चित्रपटशिक्षणाची दोन जुनी ठाणी, कोल्हापूर आणि पुणे, यांच्या साधारण मध्यावर ते वसले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. शिकाऊ माणसाचे काम तपासावे कसे, सुधारावे कसे आणि लोकांपुढे न्यावे केव्हा, याची रीत याच दोन शहरांत घडत गेली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिक्षण असे वेगळे नव्हतेच. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल ही मंडळी तेथे काम करता करताच शिकली, आणि १९२९ मध्ये त्यांनी अन्य भागीदारांसह उभारलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली, तेव्हा ही उमेदवारीची परंपराही तिच्यासोबत आली. तिचे सामर्थ्य मोठे होते, परंतु चूक दाखवणारा गुरू आणि चित्रपटाचा धनी बहुधा एकच असल्याने, शिकणाऱ्याला स्वतःचे पूर्ण चित्र करून त्यावर इतरांचे मत ऐकण्याची संधी क्वचितच मिळे.

ती संधी निर्माण झाली प्रभातच्याच आवारात. १९५१ च्या चित्रपट चौकशी समितीने केलेल्या शिफारशीनुसार १९६० मध्ये तेथे भारत सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली, जी आज एफटीआयआय या नावाने ओळखली जाते. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या शाखांचे विद्यार्थी मिळून पदविका-चित्रपट करतात, त्यामुळे पहिली समीक्षा सहकाऱ्यांचीच असते. फिल्मच्या काळात चित्रीकरणानंतर धुऊन आलेले कच्चे तुकडे, म्हणजे ‘रशेस’, आधी पडद्यावर पाहिले जात. मग कामापुरत्या काढलेल्या प्रतीवर ते जोडून कच्चे संकलन, म्हणजे ‘रफ कट’, सिद्ध होई आणि पुन्हा पुन्हा पाहून त्यात काटछाट केल्यावरच मूळ निगेटिव्हला कात्री लागे. निगेटिव्ह कापल्यावर माघार जवळपास नसल्यामुळे निर्णयापूर्वी थांबण्याची सवय हातालाच लागत असे. आजच्या संगणकीय संकलनात प्रत्येक कापणी मागे घेता येते. ही सोय मोठी आहे, परंतु थांबण्याची ती सक्ती तिच्यासोबत गेली.

या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे स्थान सतीश बहादूर यांच्या अध्यापनाला द्यावे लागेल. चित्रपट रसास्वाद, म्हणजे चित्रपट कसा पाहावा याचे शिक्षण, हा त्यांचा विषय. ‘पथेर पांचाली’सारखा चित्रपट तुकड्या-तुकड्याने, दृश्य थांबवून, पुन्हा दाखवून ते शिकवत. ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ इतक्यावर न थांबता हा शॉट येथेच का आला, असे विचारण्याची शिस्त त्यातून रुजली, आणि स्वतःचा लघुपट तपासताना विद्यार्थ्याच्या उपयोगी तीच पडते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि पी. के. नायर यांच्या संग्राहक वृत्तीमुळे, तुलनेसाठी जगभरचे चित्रपट जवळच उपलब्ध झाले.

प्रेक्षक मात्र बराच काळ दुर्मीळ राहिला. चित्रपटगृहांत लघुपटाला जागा नव्हती. संस्थेचे सभागृह, फिल्म सोसायट्या आणि महोत्सव एवढेच मार्ग होते. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ हे अशा सोसायट्यांपैकी एक. कान महोत्सवात विद्यार्थ्यांसाठी १९९८ पासून वेगळा विभाग आहे. त्यात पायल कपाडिया यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ २०१७ मध्ये दाखवला गेला, तर २०२० आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिला पुरस्कार पुण्याच्याच विद्यार्थ्यांच्या लघुपटांना मिळाला.

आता मोबाइलवर चित्रीकरण आणि प्रसारण दोन्ही होते, आणि रहिमतपूरच्या शाळेतील मुलाला पुण्यास न जाताही लघुपट करता येतो. म्हणूनच सातारा-सांगलीच्या शिक्षकांनी चित्रीकरण आणि प्रसारण यांच्यामधला जुना टप्पा वर्गात आणावा: अंधार करावा, लघुपट सर्वांनी मिळून दोनदा पाहावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातल्या एका दृश्याविषयी बोलू द्यावे.