प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ व सागरी मासे एकत्र जोपासण्याची खाऱ्या पाण्याची टाकी होय. पाण्याची क्षारता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम व तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस राखतात. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले मासे दगावू शकतात.

वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा कापून दगडावर चिकटवल्यास त्यापासून नवी वसाहत वाढते. हौशी पालक असे तुकडे एकमेकांना देतात. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ काढण्याची गरज घटते आणि एकाची टाकी बिघडली तरी तोच प्रवाळ दुसऱ्याकडे टिकून राहतो. भारतात दगडी सांगाड्याच्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे.