मान्सूनला उलटा प्रश्न विचारणाऱ्या सुलोचना गाडगीळ

शाळेत मान्सून कसा शिकवला होता, आठवतंय? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो. एडमंड हॅलीने ही कल्पना १६८६ मध्ये मांडली होती.

आता एक सांगा. भारतात जमीन सगळ्यात जास्त तापते मेमध्ये, पण पावसाचा जोर असतो जुलैमध्ये, म्हणजे जमीन निवल्यावर. दुष्काळात तर जमीन आणखीच तापलेली असते, तरी पाऊस नाही. असं का?

हा प्रश्न लावून धरला पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी. १९७० मध्ये त्यांनी हार्वर्डमध्ये पीएचडी केली, तीही अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहावर. पुढच्याच वर्षी त्या भारतात परतल्या आणि १९७३ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमल्या.

१९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखवलं, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरचा ढगांचा पट्टा उन्हाळी मोसमात पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. मान्सून समजायचा, तर हा पट्टा समजायला हवा.

पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. दक्षिण भारतातल्या कोरडवाहू भुईमुगाची पेरणी कधी केली तर धोका कमी, हे त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून, पावसाच्या जुन्या नोंदी तपासून शोधलं. गल्फ स्ट्रीमपासून निघालेलं गणित शेवटी पेरणीच्या तारखेपर्यंत पोचलं!

येत्या जूनमध्ये उपग्रहाचं चित्र उघडलंत, तर तो पट्टा नक्की शोधा.