शब्दवेध : मुसळी

मुसळाचं धाकटं रूप ते मुसळी. संस्कृतातल्या ‘मुसल’वरून हे नाव आलं. पांढऱ्या मुसळीच्या रोपाची मुळं झुबक्याने वाढतात, मधे फुगीर आणि टोकाला निमुळती. नाव ठेवणाऱ्याला त्यांत कांडणीतलं मुसळ दिसलं. काळी मुसळी वेगळी: फूल पिवळं, पान ताडासारखं, म्हणून संस्कृतात ‘तालमूली’. पांढरीचं शास्त्रीय नाव मात्र मुंबईकर आहे, ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’, चक्क बोरिवलीवरून, 1955 साली ठेवलेलं.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर पहिल्या पावसानंतर याच कुळातली फोडशी उगवते. पानांच्या बुडाशी माती दडलेली असते, म्हणून पानं उकलून धुवायची. मग कांदा, लसूण, मूगडाळ. इथल्यांना पानांची भाजी प्रिय, बाजाराला मुळांची पावडर. ताकदीच्या नावाखाली ती डब्यांतून महाग विकली जाते. (नाश्त्याची ‘म्यूस्ली’ हिची कोणी नव्हे, ती स्विस जर्मन, अर्थ ‘छोटा लगदा’.)

मुळंच उपटली, तर पुढच्या पावसाळ्यातल्या भाजीचं मुसळ केरात. तेव्हा रानात गेलात तर पानं खुडा, मुळं राहू द्या.